लांबच्या शहरातली सेकंड हँड स्पोर्ट्स कार: टोकनच्या आधी तपासणी कशी लावायची

हा या आठवड्याच्या भागाचा लेखी उतारा. प्रवासात नेटवर्क गेलं की ऑडिओ अडकतो, म्हणून नेहमीसारखा इथे टाकतोय. बोलतानाचं अडखळणं काढलंय, बाकी मजकूर तोच आहे.

आजचा विषय असा. गाडी हजार किलोमीटर लांब उभी आहे, आपण पाचोऱ्यात बसलोय, आणि विकणारा फोनवर म्हणतोय, "आज पन्नास हजार टोकन टाका, संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय." अशा वेळी काय करायचं? उत्तर एका ओळीत सांगतो: टोकनच्या आधी तपासणी. आणि तपासणारा माणूस आपण निवडलेला, पैसे आपण दिलेले, रिपोर्ट फक्त आपल्याला. या तीन गोष्टींपैकी एक जरी सुटली तरी ती तपासणी आपली राहत नाही. आता हे घडवून कसं आणायचं ते सविस्तर बघू.

मुळात एवढी लांबची गाडी कशाला?

कारण स्विफ्ट किंवा क्रेटा असेल तर जळगावातच पन्नास सापडतील. स्पोर्ट्स कारचं तसं नाही. फोक्सवॅगनने २०१६ मध्ये पोलो जीटीआय भारतात आणली ती फक्त ९९. स्कोडाने २०२० मध्ये ऑक्टाव्हिया आरएस २४५ आणली ती २००. अख्ख्या देशात एवढ्याच! आपल्या बजेटमधली जी गाडी आहे, फियाट अबार्थ पुंटो, ती तर आपल्याच महाराष्ट्रात, पुण्याजवळ रांजणगावला बनायची. २०१५ मध्ये आली, १.४ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १४५ बीएचपी, चारही चाकांना डिस्क ब्रेक, आणि किंमत दहा लाखांच्या आसपास. त्या काळात एवढ्या पैशात एवढी ताकद दुसऱ्या कुठल्याच हॅचबॅकमध्ये नव्हती. पण विकल्या गेल्या मोजक्याच, आणि २०१९ मध्ये फियाटने भारतातला कारभार आवरला. त्यामुळे आज चांगली अबार्थ हवी असेल तर बंगळुरू, कोची, हैदराबाद, जिथे मिळेल तिथे बघावी लागते.

माझ्या मावसभावाला हीच गाडी हवी होती. त्याचं पाचोऱ्यात कृषी केंद्र आहे, चार वर्षं बाजूला टाकलेले सहा लाख हातात होते. काकांचं म्हणणं एकच, "एवढ्यात ट्रॅक्टर येतो." म्हणजे गाडी फसली असती तर पैसे गेलेच असते, वर आयुष्यभर ट्रॅक्टरचा टोमणा ऐकावा लागला असता. तो मला म्हणाला, "दादा, तू आयटीत आहेस, ऑनलाइनचं तू बघ." तर मी जे बघितलं ते टप्प्याटप्प्याने सांगतो. क्रम महत्त्वाचा आहे, कारण आधीचे टप्पे फुकट आहेत आणि निम्म्या गाड्या तिथेच गळतात.

टप्पा एक: कागद, घरबसल्या

विकणाऱ्याकडून आधी आरसीचे दोन्ही बाजूंचे फोटो, चालू इन्शुरन्स पॉलिसी आणि सर्व्हिसची बिलं मागवा. मग परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर किंवा एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाका. कितवा मालक, नोंदणीची तारीख, इन्शुरन्स कधीपर्यंत, बँकेचं नाव चढलेलं आहे का, हे तिथे दिसतं. ई-चलान वेगळं तपासा. गाडी चोरीची नाही ना, यासाठी एनसीआरबीची 'वाहन समन्वय' नावाची सेवा आहे.

आता यातल्या दोन जागा नीट बघा. पहिली म्हणजे एचपी. आरसीवर बँकेची एचपी असेल आणि मालक म्हणत असेल "लोन कधीच फिटलं", तर त्याला बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ मागा. लोन फिटलं आणि एचपी उतरली, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आरटीओच्या रेकॉर्डवरून बँकेचं नाव जात नाही तोवर गाडी आपल्या नावावर होणार नाही.

दुसरी जागा लोक बघतच नाहीत: पॉलिसीवरचा नो क्लेम बोनस. क्लेम न करता वर्षं गेली की हा बोनस वाढत वाढत ५० टक्क्यांपर्यंत जातो. सहा वर्षं एकाच मालकाकडे असलेल्या गाडीच्या पॉलिसीवर बोनस शून्य दिसला, तर एक तर मागच्या वर्षी क्लेम झालाय किंवा मध्ये पॉलिसी तुटलीय. दोन्हींत काही गुन्हा नाही, पण प्रश्न विचारायला हक्काची जागा मिळते.

बंगळुरूची पहिली गाडी आम्ही बघितली तिचं असंच होतं. बोनस शून्य. विचारल्यावर मालक म्हणाला, "पार्किंगमध्ये पुढचा बंपर घासला होता, तेवढाच रंगवला." ओके. हे उत्तर मी लिहून ठेवलं. पुढे कामाला आलं.

चेसिस नंबर एवढ्या गांभीर्याने का बघायचा, तर एक उदाहरण देतो. डीसी अवंती ही भारतात डिझाइन झालेली स्पोर्ट्स कार तुम्हाला माहीत असेल. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी तिच्या प्रकरणात कारवाई केली. पोलिसांचा आरोप असा होता की एकाच इंजिन आणि चेसिस नंबरवर वेगवेगळ्या राज्यांत नोंदणी झाली आणि गाड्यांवर कर्जंही काढली गेली. खरं-खोटं ठरवणं कोर्टाचं काम, आपण त्यात पडायला नको. आपल्यासाठी मुद्दा एवढाच: नंबर प्लेट बाहेरून लावलेली असते, ती बदलता येते. गाडीची ओळख म्हणजे बॉडीवर ठोकलेला चेसिस नंबर. तो आरसीशी अक्षर न अक्षर जुळला पाहिजे.

टप्पा दोन: व्हिडिओ कॉल, पण आपल्या क्रमाने

विकणारा व्हिडिओ पाठवतो त्यात गाडी नुकती धुतलेली असते, मागे गाणं लावलेलं असतं. त्याचा उपयोग नाही. लाइव्ह कॉल करा आणि कॅमेरा कुठे न्यायचा ते आपण सांगा. आधी चेसिस नंबर. मग चारही टायरवरचा चार अंकी कोड. तो ३११८ असेल तर टायर २०१८ सालच्या ३१ व्या आठवड्यात बनलाय. मग मीटरचं रीडिंग. मग सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढून शेवटचा भाग. बेल्ट गुंडाळून आत बसतो, तिथपर्यंत वॉशिंगवाल्याचा हात सहसा पोहोचत नाही. पुराच्या पाण्यात राहिलेली गाडी असेल तर गाळाचे डाग बऱ्याचदा तिथे सापडतात.

या टप्प्याचा आणखी एक फायदा आहे. "मी फौजेत आहे, बदली झालीय, स्वस्तात देतोय, गाडी ट्रान्सपोर्टने पाठवतो, आधी पैसे टाका" ही फसवणूक तुम्ही ऐकली असेलच. फोटो खरे असतात, गाडी दुसऱ्याचीच असते. असा माणूस लाइव्ह कॉलवर चेसिस नंबर दाखवू शकत नाही. काहीतरी कारण काढून टाळतो. तिथेच थांबायचं.

टप्पा तीन: तपासणारा माणूस शोधणं

आता पैसे खर्च व्हायला सुरुवात. त्या शहरात माणूस शोधताना तीन पर्याय समोर येतात.

पहिला, अ‍ॅपवाल्या कंपन्यांची दीडशे-दोनशे पॉइंटची तपासणी. साध्या गाडीला बरी. पण हा फॉर्म सगळ्या गाड्यांसाठी एकच असतो. 'म्युझिक सिस्टिम चालू आहे' आणि 'टर्बोच्या पाइपला ऑइल आहे' या दोघांना फॉर्मवर सारखीच एक टिक मिळते. दुसरा, कंपनीचं सर्व्हिस सेंटर. तिथे जुना सर्व्हिस रेकॉर्ड असण्याची शक्यता असते, म्हणून चांगलं. पण गाडी जिथे नेहमी सर्व्हिसला जाते तेच सेंटर घेऊ नका, मालकाची तिथे ओळख असते. तिसरा, त्या ब्रँडच्या गाड्या रोज खोलणारा स्वतंत्र गॅरेजवाला. स्पोर्ट्स कारसाठी मी हाच निवडेन.

असा माणूस मिळवायचा कसा? त्या शहरात त्याच मॉडेलच्या गाड्या वापरणाऱ्या दोन-तीन लोकांना विचारा, "तुमची गाडी कोणाकडे देता?" विकणाऱ्याला अजिबात विचारू नका. मग मेकॅनिकला फोन करून दोन प्रश्न विचारा. एक: "या गाडीत आधी काय खराब होतं?" ज्याने ती खोलली आहे तो न थांबता सांगतो. दोन: "ही गाडी किंवा हा मालक तुमच्या ओळखीचा आहे का?" हो म्हणाला तर धन्यवाद म्हणायचं आणि दुसरा बघायचा.

फी आधी ठरवा आणि "गाडी घेतली नाही तरी फी पूर्ण मिळेल" हे स्पष्ट सांगा. हे फार महत्त्वाचं आहे. ज्याला सौदा झाल्यावर कमिशन मिळणार आहे, त्याला गाडी चांगलीच दिसणार. आम्ही बंगळुरूच्या मेकॅनिकला ४,००० रुपये फी आणि लिफ्टचे १,००० असे ठरवले. पाचोऱ्याहून भुसावळ, तिथून कर्नाटक एक्स्प्रेस, म्हणजे जाण्यातच जवळपास एक दिवस, तेवढाच परत यायला. दोघांचं जाणं-येणं, राहणं, दुकान बंद, याच्या तुलनेत पाच हजार स्वस्त पडतात. आणि खरं बोलायचं तर आम्ही जाऊन केलं काय असतं? टायरला लाथ मारली असती आणि हॉर्न वाजवला असता.

टप्पा चार: काय तपासायचं ते लिहून देणं

"जरा गाडी बघून सांगा" असं म्हटलं की "गाडी चांगली आहे" असं उत्तर येतं. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही टेस्टरला टेस्ट केस लिहून देतो, तसंच इथे. मी पाठवलेला मेसेज असा होता:

१. इंजिन पूर्ण थंड असताना तुम्ही स्वतः स्टार्ट करा. पोहोचल्यावर बोनेटला हात लावून बघा. गरम असेल तर मला लगेच फोन.
२. स्टार्टचा व्हिडिओ, मागून, सायलेन्सरच्या धुरासकट.
३. चेसिस नंबरचा फोटो.
४. प्रत्येक पत्र्यावर पेंट मीटरचं रीडिंग, आकड्यासकट. दरवाजे, फेंडर, बोनेट यांच्या बोल्टला पाना लागलाय का.
५. स्कॅनर लावून फॉल्ट कोड, रेडिनेस मॉनिटर, आणि कोड क्लिअर केल्यापासूनचे किलोमीटर.
६. लिफ्टवर चढवून खालून फोटो: ऑइल लीक, गंज, वेल्डिंग, सस्पेन्शन.
७. कंपनीचं काय बदललंय: सायलेन्सर, स्प्रिंग, इंजिनची ट्यूनिंग.
८. वीस मिनिटं चालवून क्लच, गिअर, ब्रेक, टर्बो.
९. टायमिंग बेल्ट बदलल्याचं बिल आहे का.

यातल्या काहींमागचं कारण सांगतो, नाहीतर नुसती यादी पाठ होईल.

थंड इंजिन का? झिजलेल्या इंजिनाचा आवाज आणि धूर पहिल्या काही सेकंदांत जास्त कळतो. गरम झालं की बऱ्याच गोष्टी झाकल्या जातात.

पेंट मीटर म्हणजे रंगाची जाडी मोजणारं छोटं यंत्र. कंपनीचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन असतो. पुन्हा रंगवला की दोनशेच्या वर जातो. पुट्टी भरली असेल तर पाचशे, हजार, काहीही. हे यंत्र धातूवरच चालतं, प्लॅस्टिकच्या बंपरवर नाही.

रेडिनेस मॉनिटर हा माझा आवडता भाग. गाडीचा कॉम्प्युटर स्वतःच्या चाचण्या करत असतो. कोणी स्कॅनर लावून फॉल्ट कोड पुसले की चेक इंजिनची लाइट जाते, पण या चाचण्यांची स्थितीही 'अपूर्ण' होते आणि पुसल्यापासून किती किलोमीटर झाले ते मोजणं शून्यापासून सुरू होतं. म्हणजे लॉग पुसणाऱ्याचा लॉग राहतोच! फक्त लक्षात ठेवा, बॅटरी काढली तरी हेच होऊ शकतं. म्हणून लगेच चोर ठरवायचं नाही. गाडी शंभर-दीडशे किलोमीटर नेहमीसारखी चालवायला सांगायची आणि पुन्हा स्कॅन करायचं.

बदलांचा मुद्दा स्पोर्ट्स कारला खास लागू होतो. ही गाडी घेणारा माणूस हौशी असतो, ट्यूनिंग करून घेतो. त्याने इंजिन, क्लच, टर्बो यांच्यावर किती ताण आला ते मीटर सांगत नाही. शिवाय कायदा आहेच. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळे बदल करायला मनाई करतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच बजावलं. म्हणजे मागच्या मालकाची हौस आपल्या नावावर चढते.

टायमिंग बेल्ट छोटी गोष्ट वाटते. अबार्थचं इंजिन बेल्टवर चालतं. बेल्ट चालू गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळून इंजिन खोलायची वेळ येऊ शकते. ज्याचं बिल नाही तो बेल्ट जुनाच समजायचा आणि बदलायचा खर्च किमतीत धरायचा.

टप्पा पाच: रिपोर्ट वाचणं

बंगळुरूचा रिपोर्ट आला. इंजिनचा आवाज चांगला, खालून कोरडी. पण बोनेट ११० मायक्रॉन आणि उजवा फेंडर ६०० च्या वर. फेंडरच्या बोल्टला पान्याचे ओरखडे. म्हणजे 'फक्त बंपर' नव्हता. स्कॅनमध्ये फॉल्ट कोड एकही नाही, पण मॉनिटर अपूर्ण, आणि कोड पुसून झाले होते १९ किलोमीटर.

आम्ही मालकाला शांतपणे सांगितलं: चार दिवस गाडी वापरा, आम्ही दुसऱ्या स्कॅनचेही पैसे देतो, स्कॅन स्वच्छ आला तर फेंडरचा हिशेब करून बोलू. तो म्हणाला, "एवढा संशय असेल तर राहू द्या." आम्ही राहू दिलं. गाडीत खरंच काही मोठं होतं का? ते कळायला आता मार्ग नाही, आणि ठरवायला त्याची गरजही नव्हती. दुसऱ्या स्कॅनला नाही म्हणणाऱ्या माणसाला सहा लाख द्यायचे की नाही, एवढंच ठरवायचं होतं.

मावसभाऊ दोन दिवस नाराज होता. "पाच हजार गेले ना भो." गेले. पण ते गेले म्हणूनच सहा लाख राहिले.

दुसरी गाडी कोल्हापूरला मिळाली, पाचोऱ्यापासून सहाशे किलोमीटरच्या आसपास. तिथे यादीत एक ओळ वाढवली. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचा पूर आला होता, गाडी तेव्हा तिथेच होती. म्हणून कार्पेटखालचा पत्रा, सीटखालचे वायरिंगचे कनेक्टर आणि सीटच्या रुळांचा गंज मुद्दाम बघायला सांगितला. सगळं कोरडं निघालं. फेंडर, दरवाजे, बोनेट सगळे कंपनीच्या रंगात. पण टायर सात वर्षांचे, टायमिंग बेल्टचं बिल नाही, आणि क्लच संपत आलेला. मेकॅनिककडून तिन्हींचा अंदाजे खर्च लिहून घेतला, तो मालकाला जसाच्या तसा पाठवला, आणि किंमत ४५,००० ने खाली आली. ही गाडी घेतली.

यावरून एक गोष्ट लक्षात घ्या. दोष नसलेली जुनी गाडी नसतेच. कोल्हापूरच्या गाडीत दोष जास्त होते, पण ते माहीत होते आणि प्रत्येकाला किंमत लावता येत होती. बंगळुरूच्या गाडीतला दोष कोणीतरी पुसलेला होता, आणि पुसलेल्या दोषाला किंमत लावता येत नाही. तपासणीच्या रिपोर्टमध्ये मी आता मार्क बघत नाही. मालकाने आधी सांगितलेलं आणि रिपोर्टमधलं जुळतं का, ते बघतो.

टोकन देताना

रिपोर्ट पटला तरच टोकन, आणि तेही लहान. पैसे आरसीवरच्या मालकाच्या बँक खात्यातच टाका. सोबत दोन ओळी लेखी घ्या: एनओसी किंवा एचपीचं काम झालं नाही तर टोकन परत. डीलर असेल तर त्याचं अधिकृतता प्रमाणपत्र मागा. जुन्या गाड्यांच्या डीलरसाठी हा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे.

गाडी परराज्यातली असेल तर आणखी हिशेब लागतो. तिथल्या आरटीओची एनओसी फॉर्म २८ वर, नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर इथे नवीन नंबर, आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरून तिकडचा उरलेला टॅक्स परत मागायचा. हा खर्च आणि हेलपाटे धरूनच स्वस्त की महाग ते ठरवा. कोल्हापूरची गाडी आम्हाला बरी पडली त्यात हाही भाग होता: राज्य तेच, टॅक्स भरलेला, नंबर तोच.

आणि शेवटचं. "दुसरी पार्टी येतेय" म्हटल्यावर छातीत धडधडतं, ते मला समजतं, कारण अशी गाडी रोज येत नाही. तेव्हा एकच उत्तर द्यायचं: "माझा माणूस उद्या सकाळी दहाला बघायला येतो. गाडी थंड ठेवा." चांगला मालक हो म्हणतो. जो नाही म्हणेल त्याची गाडी दुसऱ्या पार्टीला खुशाल जाऊ द्या.

पुढच्या भागात आरटीओमध्ये नाव बदलण्याची पूर्ण प्रक्रिया, फॉर्मनुसार. तुमच्या शहरात असा भरवशाचा गॅरेजवाला कसा शोधलात ते व्हॉइस नोटवर नक्की पाठवा. भेटू.